कागदी कपातला चहा आणि हृदयविकार: मायक्रोप्लास्टिकचा नेमका धोका काय?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याजवळ चहाला थांबलात, तर हातात बहुतेक वेळा कागदी कप येतो. प्लास्टिक नाही म्हणून आपणही निश्चिंत होतो. पण नुसता कागद गरम चहात भिजून लोळागोळा होईल. तो टिकतो आतल्या पातळ अस्तरामुळे, आणि हे अस्तर बहुधा पॉलिथिलीनचं असतं. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात (आधी आयपीसीएल, आता रिलायन्स) तयार होणाऱ्या प्लास्टिकपैकी हे एक प्रमुख.

आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे कप तपासले. ८५ ते ९० अंश सेल्सिअसचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं कपात ठेवल्यावर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. कारखान्यातून प्लास्टिक ज्या मसुराएवढ्या दाण्यांच्या रूपात बाहेर पडतं, ते दाणेही याच मापात बसतात. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं, तेव्हा किनाऱ्यावर असेच दाणे पसरले होते.

हे कण शरीरात जाऊन करतात काय? इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत साचलेला थर शस्त्रक्रियेने काढून तपासला. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या या अभ्यासात २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरात पॉलिथिलीन सापडलं. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण होते, त्यांना पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट आढळला.

याचा अर्थ प्लास्टिकमुळेच झटके आले, असा होत नाही. या अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. रुग्णांचं राहणीमान, आहार यांचाही वाटा असू शकतो. इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत पॉलिथिलीन ‘निष्क्रिय’ म्हणून शिकवलं जातं आणि रसायन म्हणून ते खरंही आहे. प्रश्न कणाच्या आकाराचा, त्याने होणाऱ्या दाहाचा आणि त्यात मिसळलेल्या इतर रसायनांचा आहे.

मात्र ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ हे न मोजण्याचं कारण होऊ शकत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिसं, आर्सेनिक, फ्लोराइड या सगळ्यांची मर्यादा आहे, मायक्रोप्लास्टिकची नाही. मर्यादा नाही, मग तपासायची सक्तीही नाही. जिथे प्लास्टिक तयार होतं, त्या परिसरापासून तरी सुरुवात व्हायला हवी. अंबा नदीचं पाणी आणि ती जिथे मिळते त्या धरमतर खाडीतली मासळी ठरावीक काळाने तपासावी, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

तोपर्यंत गाडीत एक स्टीलचा पेला ठेवा. टपरीवाले त्यात चहा ओततात, त्यांचा कपही वाचतो. गरम रस्सा किंवा सांबार पिशवीत बांधून घेण्याऐवजी डबा न्या, आणि प्लास्टिकच्या डब्यातलं जेवण मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याआधी काचेच्या भांड्यात काढा.