मागच्या चाकाचा फंडा

अमेरिकेत सुट्टीवर गेलेले लोक नायगारा बघतात. मी मिशिगनमध्ये आतेभावाच्या गराजमध्ये पाठीवर पडून एका ट्रकचं बूड बघितलं. दोन आठवड्यांतले पाच दिवस!

ट्रक म्हणजे आपला ‘हॉर्न ओके प्लीज’वाला नव्हे. तिकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. दादाची १९७२ ची शेव्हर्ले सी-टेन आहे. लांबलचक बॉनेट, सोफ्यासारखी एकच सीट आणि मागे उघडा हौदा. एकदम सॉलिड प्रकरण. मी जायच्या महिनाभर आधी पावसात दादाने सिग्नलला ब्रेक दाबला, आणि गाडीची मागची बाजू सटकन तिरकी झाली. सीटवर मधे माझी सहा वर्षांची पुतणी होती. काही झालं नाही, पण घरी आल्यावर वहिनीने जाहीर केलं, “ब्रेक नीट होईपर्यंत ती ह्यात बसणार नाही.”

दादा पडला सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी अपग्रेड! त्याने मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचं किट मागवलं.

ज्यांचा गाडीशी संबंध ईएमआयपुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रममध्ये दोन अर्धगोल शू आतून बाहेर ढकलले जाऊन फिरत्या डब्याला घासतात. डिस्कमध्ये कॅलिपर फिरती थाळी दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतो. डिस्क उघडी असल्यामुळे लवकर थंड होते आणि पाणी झटकून टाकते. शेव्हर्लेने १९७१ पासून ह्या पिकअपला पुढे डिस्क द्यायला सुरुवात केली, मागे मात्र ड्रमच ठेवले. आपल्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या बहुतेक हॅचबॅकचं आजही तेच आहे. कंजूषपणा म्हणाल, तर फोक्सवॅगनने २०२० च्या आयडी-३ ह्या इलेक्ट्रिक गाडीलाही मागे ड्रमच लावले!

काम सुरू करायच्या आधी मी पुण्याला बाबांना फोन लावला. बाबांची नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली. दादाचे ते मामा.

“मागची चाकं काढून बघितलीत का?” बाबांचा पहिलाच प्रश्न.

काढली. उजवीकडचा लायनर तेलाने चिंब.

“एक्सलचं सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल ड्रममध्ये येतंय, म्हणून एक चाक धरतं आणि एक सोडतं. सील बदला, दोन्हीकडचे लायनर बदला, झालं. त्यात ड्रमचा काय दोष?”

“मामा, पण आता किट आलंय,” दादा बारीक आवाजात म्हणाला.

“मग काय, लग्न ठरलंच आहे तर लावा. पण सील आधी बदला. नाहीतर तेच तेल तुमच्या डिस्कवर येईल.”

किटबरोबर आलेल्या चार पानी माहितीपत्रकात सीलचा उल्लेखही नव्हता.

ह्या गाडीचा मागचा एक्सल बाहेरून ओढून निघत नाही. आधी डिफरन्शियलचं झाकण उघडायचं, कुजकट वासाचं जुनं तेल परातीत घ्यायचं, आतली पिन काढायची, एक्सल थोडा आत ढकलायचा, मग सी आकाराची क्लिप हातात पडते. (माझ्या हातात नाही, परातीत पडली. शोधायला वीस मिनिटं गेली.) पुढे सील, ब्रॅकेट, डिस्क, कॅलिपर. हे सगळं नटबोल्टचं काम, दोन दिवसांत झालं.

पुढचे तीन दिवस आमच्या शहाणपणाचे. पहिल्या दिवशी आम्ही डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. दिसायला झकास, पण हवा काढायचा निपल खाली आला. हवा तर वर जाते! तासभर मी पेडल मारतोय, दादा खाली ब्रेक ऑइलने न्हातोय, आणि पेडल स्पंजसारखंच. दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्या फिरून आलो तर मागच्या चाकांना जळका वास. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब कायम धरून ठेवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, कारण आत शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात. डिस्कला स्प्रिंग नाही, म्हणून पॅड सतत घासत राहतात. तो व्हॉल्व्ह काढायचा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. दादा म्हणाला, बेस्ट, टेस्ट करू. जवळच्या मॉलचं रिकामं पार्किंग, ताशी पन्नासचा स्पीड, आणि दादाने ब्रेक दाबला. मला आठवतं ते एवढंच की विजेचा जो खांब समोर होता तो बाजूच्या काचेतून दिसला, आणि मग मागच्या काचेतून. गाडी उलट्या तोंडाची होऊन थांबली. दोघंही काही बोललो नाही. आमच्या दोघांच्या मधे सीटवर एक रिकामी जागा होती.

ब्रेक दाबला की वजन पुढे जातं; पीएमटीत उभं राहून प्रवास केलेल्याला हे सांगायला नको. त्यात रिकाम्या पिकअपचा हौदा आधीच हलका. त्या चाकांवर जास्त दाब आला की ती जागीच लॉक होतात, आणि लॉक झालेल्या चाकाची आडवी पकड जाते. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर मागची बाजूच पुढे यायला बघते. मागचा दाब कमी-जास्त करायला आम्ही नॉबवाला व्हॉल्व्ह बसवला होता. फक्त, जास्त ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक ह्या हिशोबाने तो पूर्ण उघडा ठेवला होता!

“गाडी रिकामी होती ना? मग फिरणारच,” बाबा फोनवर शांतपणे म्हणाले. “मागचा दाब कमी करत जा. ओल्यात पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. रिकाम्या गाडीवरच सेट करा, भरलेल्या नाही.”

दुपारभर तेच केलं. नॉब अर्धा फेरा, एक ब्रेक. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा ब्रेक. शेवटी गाडी नाकासमोर थांबायला लागली. आधीपेक्षा कमी अंतरात थांबते का? खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही. टायर तेच आणि पुढचे ब्रेक तेच, तर कळणार कसा? घाटात ट्रेलर ओढणाऱ्याला हे काम उपयोगी पडेल. दादाला सील आणि लायनर पुरले असते, हे त्यालाही पटलंय, फक्त तो ते वहिनीसमोर बोलत नाही. (आणि तुमच्या गावाकडच्या जीपवर हा प्रयोग करायचा विचार असेल तर थांबा. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला आपल्याकडचा कायदा आडवा येतो, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते कडक शब्दांत सांगितलंय.)

रविवारी आम्ही सगळे त्याच पार्किंगमध्ये गेलो. रस्ता अजून ओला होता. दादा पुतणीला उचलून सीटवर बसवायला लागला, तर वहिनीने तिला खाली घेतलं, माझ्या हातात तिचा हात दिला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. एकदा ब्रेक. गाडी सरळ. दुसऱ्यांदा, जरा जास्त स्पीडने. सरळ. तिने काच खाली केली.

“झालं?” दादाने विचारलं.

“अजून एकदा,” वहिनी म्हणाली आणि गाडी रिव्हर्सला टाकली.