सौर ऊर्जेच्या घोषणा पुरे, कोळशाचे वेळापत्रक सांगा

आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यात आज विजेच्या दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. सेल्द्याला एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे कोळशावर चालणारे वीजघर २०२० पासून पूर्ण क्षमतेने उभे आहे. त्याच जिल्ह्यात नर्मदाकाठी जलूदला इंदूर महापालिकेने ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे थेट नागरिकांपुढे ठेवले आणि त्याहून कितीतरी जास्त रकमेचे अर्ज आले. नर्मदेचे पाणी इंदूरपर्यंत चढवायला दरमहा कोट्यवधींची वीज लागते. ते बिल कमी व्हावे हा या प्रकल्पाचा हेतू.

महापालिकेसारखी संस्था आपल्या पाण्याच्या बिलाचा विचार करून सूर्याकडे वळते. मग देशातली सर्वांत मोठी वीज कंपनी कोणत्या गतीने वळते आहे, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. एनटीपीसी ही सरकारी कंपनी आहे, म्हणजे तिचा मोठा मालक जनताच. आणि तिच्या विजेचे पैसे आपल्याच बिलातून जातात.

प्रथम कंपनीच्या पदरात जे आहे ते द्यायला हवे. १९७५ साली स्थापना झाली तेव्हा तिचे नावच राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ असे होते. १९८२ साली सिंगरौलीला तिचा पहिला संच सुरू झाला आणि विजेच्या टंचाईने गांजलेल्या देशाला तिने खरोखरच उजेड दिला. २००५ साली नावातून ‘औष्णिक’ हा शब्द गेला. आपल्या राज्यात राजगढला ५० आणि मंदसौर जिल्ह्यात २५० मेगावॉटचे सौर प्रकल्प तिने उभारले. तेलंगणात रामगुंडमच्या जलाशयावर १०० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प २०२२ साली पूर्ण केला. त्याच वर्षी हरित ऊर्जेसाठी वेगळी कंपनी काढली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे समभाग विकून दहा हजार कोटी रुपये उभे केले. २०३२ पर्यंत ६० हजार मेगावॉट अपारंपरिक वीज हे तिचे जाहीर उद्दिष्ट आहे.

हे सगळे चांगलेच आहे. पण या हिशेबात एक रकाना कोरा आहे. नवे किती उभारणार हे कंपनी सांगते. जुने कोणते, केव्हा बंद करणार हे सांगत नाही. उलट २०२४ साली तिच्या संचालक मंडळाने आपल्याच राज्यात, नरसिंहपूर जिल्ह्यातल्या गाडरवाऱ्याला, आणखी १६०० मेगावॉटच्या कोळसा संचांना मंजुरी दिली. एका हाताने सूर्याला अर्घ्य द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भट्टीत कोळसा लोटायचा, याला संक्रमण म्हणता येत नाही. ती निव्वळ भर आहे.

वाचकांपैकी अनेकांना वाटेल की कोळसा जळो वा सूर्य तळपो, आपल्याला काय, बटण दाबले की दिवा लागतो. म्हणून बिलाची रचना थोडी समजून घेऊ. कोळशाच्या वीजघराशी राज्य साधारण २५ वर्षांचा करार करते. त्यात दोन आकार असतात. एक इंधनाचा, जितकी वीज घेतली तितका. दुसरा स्थिर आकार, म्हणजे वीजघर बांधायला लागलेल्या पैशांचा हप्ता, व्याज, नफा वगैरे. वीजघर सज्ज असेल तर वीज घ्या वा न घ्या, हा दुसरा आकार भरावाच लागतो. घराला कुलूप लावून गावी गेलो तरी मालकाला भाडे चुकत नाही, तसेच हे. मागणीपेक्षा जास्त करार करून ठेवल्यामुळे मध्य प्रदेशाने न घेतलेल्या विजेचा स्थिर आकार भरल्याची चर्चा विधानसभेपासून सुनावणीपर्यंत वर्षानुवर्षे होत आली आहे. आज नवा कोळसा संच मंजूर करणे म्हणजे आपल्या नातवंडांच्या नावाने भाडेचिठ्ठी लिहून देणे होय.

मराठी माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाने महाराष्ट्राला हाच धडा दिला. एन्रॉनशी केलेल्या करारात वीज महाग आणि स्थिर आकार जबर. १९९९ साली सुरू झालेला पहिला टप्पा २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. पुढे २००५ साली एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस कंपनी काढावी लागली. १९६७ मेगावॉटचे ते वीजघर, पण पुरेशा वायूअभावी त्याचा बराचसा भाग बसून राहिला. २०१५ पासून रेल्वेने काही वीज घेतली म्हणून थोडी धुगधुगी राहिली.

दाभोळचा धडा वायूबाबतही तितकाच लागू आहे. कोळशाकडून सूर्याकडे जाताना नैसर्गिक वायू हा मधला पूल आहे, असे कंपन्या आणि सरकार फार वर्षे सांगत आले. कल्पना चुकीची नव्हती. वायूचे संच कोळशाच्या मानाने झटपट चालू-बंद होतात, राख नाही, धूर कमी. एनटीपीसीने सुरतेजवळ कवास, भडोच जिल्ह्यात झनोर-गंधार, राजस्थानात अंता, उत्तर प्रदेशात औरैया आणि दादरी अशी वायूची केंद्रे उभारली. हजीरा ते जगदीशपूर ही वायुवाहिनी तर आपल्या राज्यातल्या विजयपूरवरूनच गेली. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचे उत्पादन अपेक्षेच्या मानाने फारच खाली आले आणि परदेशातून आणलेला द्रवरूप वायू परवडेना. परिणामी देशभरातली वायू वीजघरे बहुतेक काळ गप्प बसून असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात मागणी वाढली तेव्हा केंद्र सरकारला कायद्यातले खास कलम वापरून मे आणि जून महिन्यांपुरता ती चालवण्याचा आदेश काढावा लागला.

म्हणून वायूची नवी वीजघरे नकोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. जी बांधून तयार आहेत ती मात्र संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी राखून ठेवावीत. सूर्य मावळतो आणि घराघरात दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात, ती वेळ खरी अडचणीची. तेवढ्यापुरता महाग वायू परवडतो. बारा महिने अठरा काळ चालवायला कोळशाचे वीजघर बांधण्यापेक्षा तो स्वस्तच पडेल.

आता संध्याकाळसाठी दुसराही उपाय हाती आला आहे, आणि तो आपल्याच राज्यात सिद्ध झाला आहे. २०१७ साली रीव्याच्या सौर प्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे आला, तेव्हा सगळ्यांनी डोळे विस्फारले. त्यातली काही वीज दिल्लीची मेट्रो घेते. २०२५ साली ग्वाल्हेरजवळच्या मुरैन्यात सौर ऊर्जेला बॅटरीची जोड देऊन दिवसा आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत वीज देण्याचा लिलाव झाला. दर आला २ रुपये ७० पैसे. त्याच वर्षी अनूपपूर जिल्ह्यातल्या नव्या कोळसा वीजघराची वीज राज्याने युनिटमागे ५ रुपये ८३ पैशांच्या आसपास घेण्याचे ठरवले. दोन्ही सौदे अगदी सारखे नाहीत हे आम्हाला मान्य आहे. कोळशाची वीज मध्यरात्रीही मिळते, मुरैन्याची तशी मिळणार नाही. पण दुपटीहून अधिक फरक असताना मध्यरात्रीच्या गरजेसाठी जी वीजघरे आधीच उभी आहेत ती पुरत नाहीत का, हा प्रश्न विचारल्यावाचून गाडरवाऱ्याचा दुसरा टप्पा बांधायला घेणे आम्हाला पटत नाही.

बिलाखेरीज आणखी एक हिशेब आहे, तो जमिनीचा आणि माणसांचा. निमाडात कोळसा निघत नाही. तो लांबून रेल्वेने येतो, नर्मदेचे पाणी घेतो आणि मागे राख ठेवतो. वीज पश्चिम विभागातल्या राज्यांत वाटली जाते, राख मात्र गावालाच राहते. सिंगरौली जिल्ह्यातल्या विंध्याचल केंद्राची क्षमता ४७६० मेगावॉट, देशात सर्वांत मोठी. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथला राखेचा बंधारा फुटला आणि राख रिहंद धरणाच्या जलाशयाकडे वाहत गेली. याउलट दिल्लीतले ७०५ मेगावॉटचे बदरपूर केंद्र याच कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद केले, कारण राजधानीची हवा बिघडली होती. म्हणजे बंद करायचे ठरवले तर बंद करता येते. फक्त धूर कुणाच्या नाकात जातो यावर ते अवलंबून असते, असा याचा अर्थ निघतो. सिंगरौलीच्या माणसाला दिल्लीच्या माणसाइतकीच फुप्फुसे असतात.

मात्र वीजघर बंद करणे म्हणजे फाटकाला कुलूप ठोकणे नव्हे. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला राज्याच्या सातपुडा वीजघराचे पहिले पाच संच वय झाले म्हणून निवृत्त केले गेले. ते शहरच वीजघर आणि कोळसा खाणींवर उभे आहे. अशा गावात कायम नोकरदाराची बदली होते. ठेकेदाराकडचा मजूर, चहाची टपरी, किराणा दुकान यांची बदली होत नसते. जमीन दिलेल्या शेतकऱ्याची तर नाहीच नाही. संक्रमणाचा खर्च त्यांच्याच गळ्यात पडणार असेल तर ते सौर ऊर्जेचे शत्रू होतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या तीन. पहिली, एनटीपीसीने आपल्या प्रत्येक कोळसा केंद्राचे निवृत्तीचे वर्ष लेखी जाहीर करावे आणि गाडरवाऱ्याचा दुसरा टप्पा फेरविचारार्थ घ्यावा. दुसरी, जिथे कोळशाची केंद्रे आहेत तिथेच, त्यांच्या मोकळ्या जागेवर, भरून झालेल्या राखेच्या तळ्यांवर आणि आधीच असलेल्या उच्चदाब वाहिन्यांवर सौर प्रकल्प आणि बॅटऱ्या उभाराव्यात, म्हणजे नवी जमीन कमी लागेल आणि रोजगार गावात राहील. तिसरी, हरित कंपनीच्या नफ्यातला ठरावीक वाटा त्या गावांच्या पुनर्वसनासाठी कायद्याने बांधून द्यावा.

हे कुणापुढे मांडायचे? एनटीपीसीचे दर दिल्लीत केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. पण राज्याने कोणाकडून किती वीज घ्यायची याचा खर्च मध्य प्रदेश वीज नियामक आयोगापुढे येतो. हा आयोग दरवाढीच्या अर्जावर दरवर्षी हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन हजर असतात. घरगुती ग्राहक क्वचितच दिसतो. आपल्या समाजात वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते आहेत, सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत. त्यांनी एकत्र बसून एक नीटस हरकत तयार करावी आणि आपण सर्वांनी तिच्यावर सह्या कराव्यात.

१९७० साली नर्मदेचे पाणी हवे म्हणून इंदूरकर रस्त्यावर उतरले, तेव्हा इतक्या लांबून आणि इतक्या उंचावर पाणी आणणे अशक्य आहे असे सांगणारे पुष्कळ होते. १९७८ साली ते पाणी शहरात आले. त्या आंदोलनात आपल्या आधीच्या पिढीतल्या मराठी घरांनीही घोषणा दिल्या होत्या. आज रस्त्यावर उतरायचीही गरज नाही. मुदतीत एक हरकत दाखल करायची आहे आणि सुनावणीच्या दिवशी हजर राहायचे आहे.