दाद मागायची ती बर्लिनला!

लेकीच्या भेटीस प्रथमच जर्मनीला निघालेल्या जळगावच्या निवृत्त शिक्षकास आधी बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई-पुण्याची वारी घडते. व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो. नकार आला तरी ते परत मिळत नाही. नकारही येतो तो छापील तक्त्यातील चौकटीवर खूण होऊन : अर्जदार मुदतीत परतेल याविषयी शंका आहे. रावेरला केळीची बाग, दरमहा निवृत्तिवेतन. असा मनुष्य साठीनंतर परमुलखात दडून काय करणार! पूर्वी वकिलातीकडेच विनाशुल्क फेरविचार मागता येई. जुलै 2025 पासून जर्मनीने ती वाट बंद केली. आता नवा अर्ज व नवे शुल्क, अथवा बर्लिनचे न्यायालय. आपले दार सांभाळण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्रास आहेच. परंतु शुल्क घेणाऱ्याने फेरविचारही नाकारावा, याविरुद्ध आपल्या परराष्ट्र खात्याने बोलावयास हवे.