पाटीवरच्या अक्षराची प्रतिष्ठा

कलेचे प्राथमिक शिक्षण कलाशाळेच्या वर्गात होते हे मान्य केले, तरी ज्याला चार शब्द आणि एक चित्र कागदावर, वेष्टनावर, फलकावर अथवा मोबाइलच्या पडद्यावर अशा रीतीने मांडावयाचे असते की घाईने जाणाऱ्या अनोळखी माणसाची दृष्टी त्यावर क्षणभर तरी स्थिरावी, त्या उपयोजित कलावंताचे, म्हणजे ज्याला आज आपण ग्राफिक डिझायनर म्हणून ओळखतो त्याचे, पुढचे सारे शिक्षण तो ज्या गावात राहतो त्या गावाच्या बाजारपेठेत, एसटीच्या स्थानकावर आणि घरच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेसमोर व्हावे लागते, असे माझे निश्चित मत आहे. त्याचे कारण उघड आहे. प्रदर्शनातील चित्र पाहावयास जाणारा रसिक मनाची काही तयारी करून जातो. जाहिरात वाचणारा मनुष्य तशी कोणतीही तयारी करून घराबाहेर पडलेला नसतो. त्याच्या डोळ्यांना जे वळण लागलेले असते ते दुकानांच्या पाट्यांनी, औषधांच्या वेष्टनांनी, लग्नपत्रिकांनी आणि वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींनी लावलेले असते, आणि हे वळण ज्याने ध्यानात घेतले नाही त्याची आकृती कितीही सफाईदार असली तरी त्या मनुष्याला ती आपली वाटत नाही.

या पेशात आयुष्याचा बराचसा भाग घालविल्यानंतर तरुण सहकाऱ्यांची कामे पाहताना मला एका गोष्टीची सतत चिंता वाटते. त्यांची बुद्धी तल्लख आहे, साधनांवरील त्यांचे प्रभुत्व आमच्या पिढीपेक्षा कितीतरी अधिक आहे. परंतु नवे काम हाती आले की ते प्रथम खिडकीबाहेर पाहत नाहीत, तर परदेशी कामांच्या संग्रहांत शोध घेऊ लागतात, आणि मग सांगलीच्या हळदीच्या पुडीला व मुंबईतल्या बँकेच्या माहितीपत्रकाला एकाच दूरच्या शहराचा चेहरा प्राप्त होतो. परदेशी कामे पाहू नयेत, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ती अवश्य पाहावीत. मात्र ती जन्मली कशी, हेही पाहावे.

टोबायस फ्रेअर-जोन्स या अमेरिकन अक्षररचनाकाराचे उदाहरण या संदर्भात फार उद्बोधक आहे. २००० सालच्या सुमारास एका नियतकालिकासाठी नवी अक्षरमाला घडविण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवरील पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकाच्या दर्शनी भागावर असलेल्या साध्या, धिप्पाड अक्षरांचा. या जातीची अक्षरे कोणा नामांकित कलावंताने रेखाटलेली नव्हती; इमारतीचे आराखडे करणाऱ्यांच्या आणि धातू कापणाऱ्या कारागिरांच्या हातून, वाचता यावीत एवढ्याच हेतूने, ती निर्माण झाली होती. फ्रेअर-जोन्स यांनी मॅनहॅटनचे रस्ते पायी तुडवून जुन्या इमारतींवरील अशा अक्षरांची छायाचित्रे जमविली, आणि त्यांतून ‘गॉथम’ ही अक्षरमाला सिद्ध झाली. २००८ साली बराक ओबामा यांच्या निवडणूक प्रचाराचे फलक याच अक्षरांत छापले गेले आणि ती जगभर पोहोचली. आमचे तरुण ही अक्षरमाला तयार स्थितीत उचलतात. तिच्यामागची पायपीट मात्र उचलीत नाहीत.

ती पायपीट करावयाची म्हटली तर महाराष्ट्राइतका समृद्ध प्रदेश शोधून सापडणार नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले, १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्या छापखान्याच्या खिळ्यांची ख्याती संस्कृत ग्रंथांच्या द्वारे साऱ्या हिंदुस्थानात पसरली. बोरूच्या तिरप्या कापलेल्या टोकातून उतरणारे जाडबारीक वळण या मंडळींनी धातूत ओतले, आणि मराठी वाचकाची दृष्टी त्या वळणावर पोसली गेली. पुढे हेच वळण छापखान्यातून रस्त्यावर आले. ते आणणारा मनुष्य म्हणजे आपल्या गावोगावचा पेंटर.

या पेंटराच्या विद्येविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहिलेले नाही. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन करणारे आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविणारे बाबूराव पेंटर यांच्यासारख्या थोर पुरुषाच्या नावाला हा व्यवसाय आडनावाप्रमाणे चिकटला एवढी एक गोष्ट सोडली, तर ज्यांनी तालुक्याच्या गावांतील हजारो पाट्या रंगविल्या ते लोक, कोपऱ्यात बारीक अक्षरांत केलेल्या सहीपलीकडे, अनामच राहिले. त्यांचे काम करताना जो कोणी उभा राहून पाहील त्याला दिसेल की दोरी खडूच्या भुकटीत घोळवून, दोन टोकांना ताणून तिने पत्र्यावर रेघ उमटविण्यापासून तो काठीवर मनगट टेकवून शेवटचा अनुस्वार टेकविण्यापर्यंत प्रत्येक कृतीमागे विचार असतो. देवनागरी अक्षर शिरोरेघेखाली लोंबते, वेलांटी आणि मात्रा तिच्या वर उसळतात, उकार खाली उतरतो; तेव्हा रोमन अक्षरांप्रमाणे दोन रेघांमध्ये मजकूर बसवून चालत नाही, तिन्ही मजल्यांची जागा आधी राखून ठेवावी लागते. दुकानाचे नाव लांब असले आणि दरवाजा अरुंद असला, तर पेंटर अक्षराची रुंदी कमी करतो, पण कान्याची जाडी कायम राखतो, वाटीचा गोल किंचित उभट करतो, जोडाक्षर शेजारी न मांडता एकाखाली एक चढवितो. अशा रीतीने अक्षर आकसते, परंतु विद्रूप होत नाही. हे ज्ञान त्याने कोणत्या पुस्तकात वाचलेले नसते. उस्तादाच्या हाताखाली डबे धुण्यापासून केलेल्या उमेदवारीत ते त्याच्या बोटांत उतरलेले असते.

जाहिरातीच्या क्षेत्रातील आपल्या मोठ्या माणसांनी ही विद्या कधी हलकी मानली नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना दिलेली अक्षरे आठवा. वर्तमानपत्राच्या एका रकान्यात, काळ्या शाईच्या मोजक्या चौकोनात, नाटक ऐतिहासिक आहे की कौटुंबिक, त्यात हास्य आहे की भय आहे, हे नाव वाचण्यापूर्वीच अक्षराच्या अंगलटीवरून वाचकाला समजत असे. दुसऱ्या दिवशी त्याच पानात चणे-शेंगदाणे बांधले जात असत आणि तरीही ती अक्षरे लोकांच्या स्मरणात राहत असत. २०२० साली शेडगे निवर्तले तेव्हा हळहळलेल्यांत कलासमीक्षकांइतकेच साधे नाट्यरसिक होते. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांच्या द्वारे मध्यमवर्गीय घराला रंगांची जी गोडी लावली, तीही याच जातीची. आणि र. कृ. जोशी यांच्याविषयी तर स्वतंत्रपणे लिहावयास हवे. ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत दीर्घकाळ कलादिग्दर्शन करणारा हा मनुष्य पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाला, भारतीय लिप्यांच्या अभ्यासात त्याने स्वतःला वाहून घेतले, आणि संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या लक्षावधी लोकांपुढे जी अक्षरे विंडोजच्या द्वारे वर्षानुवर्षे येत राहिली, ती ‘मंगल’ नावाची अक्षरमाला त्याच्याच हातची होती. जाहिरात ही धंद्याची दासी आहे, तिच्यापासून कलेने अंतर राखावे, असे म्हणणाऱ्यांनी जोशींच्या आयुष्याचा हा क्रम नीट पाहावा. मालाची विक्री व्हावी म्हणून रोज नवनवी अक्षरे घडवीत असतानाच त्यांचा लिपीशी परिचय गाढ झाला.

दिनदर्शिकेचा उल्लेख मी आरंभी केला तो सहज केला नव्हता. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका घ्या: बोटभर चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण आणि संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ एवढा मजकूर बसवूनही, चष्मा शोधावा न लागता, दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती जागा तेथे शिल्लक राहते. माहितीची इतकी काटेकोर मांडणी शिकविण्यासाठी परदेशी पाठ्यपुस्तके वर्गात आणली जातात आणि ही दिनदर्शिका मात्र शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला लोंबत राहते, याचे मला दुःख होते.

आता या संपत्तीची आज काय दशा आहे ते पाहू. गेल्या दोन-तीन दशकांत फ्लेक्सचा प्रसार झाला आणि पेंटरांचे कुंचले वाळून गेले. छपाई स्वस्त झाली, तासाभरात फलक हाती येऊ लागला, गरीब दुकानदाराचीही सोय झाली. या लाभांना मी कमी लेखीत नाही. दोष यंत्राचा नव्हे. परंतु नाव लांब आहे म्हणून यंत्र चालविणारा मुलगा संपूर्ण ओळ दोन्ही बाजूंनी दाबतो, तेव्हा उभे काने काडीसारखे बारीक होतात आणि आडवी शिरोरेघ मात्र पूर्वीइतकीच जाड राहते. ओळ ताणली की याच्या नेमके उलट घडते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे जाऊन हिंदीत रूढ असलेली येतात, ‘ऱ्या’चा र विचित्र ठिकाणी जाऊन बसतो, आणि जोडाक्षरे पाय मोडलेल्या अवस्थेत ओळीत उभी राहतात. रोज, प्रत्येक चौकात, हे पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांना जे वळण लागेल त्याचा विचार केला म्हणजे मन उदास होते.

याच सुमारास शासनाने एक योग्य पाऊल टाकले. २०२२ साली दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन, लहानमोठ्या सर्व दुकानांचे नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असावेत आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असा हुकूम झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत त्याची पूर्तता करण्यास सांगितले. मी या कायद्याचा संपूर्ण समर्थक आहे. तथापि त्याची अंमलबजावणी कशी झाली हे कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत फेरी मारून पाहावे. मूळ रोमन नामचिन्ह कोणा तज्ज्ञाने कित्येक महिने खपून घडविलेले, त्याच्या रेषांत त्या व्यवसायाचा स्वभाव उतरलेला. आणि शेजारी, दंड टळावा एवढ्याच बुद्धीने, संगणकात जे पहिले सापडले त्या अक्षरात उमटविलेले तेच नाव मराठीत. निरीक्षक मोजपट्टी लावतो, उंची बरोबर भरते, दफ्तरी नोंद होते. अक्षर मात्र आपल्याच गावात, परक्याचा अंगरखा घालून दारी उभ्या केलेल्या माणसासारखे अवघडून उभे असते. कायद्याला उंची सांगता येते. सौष्ठव कायद्याच्या कक्षेत येत नाही, ते आपल्यालाच पाहावे लागेल.

हे काम आज पूर्वीपेक्षा कठीण राहिलेले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षररचनाकारांच्या समूहाने घडविलेली ‘मुक्ता’ ही सुरेख देवनागरी अक्षरमाला कोणालाही विनामूल्य घेता येते. अक्षराची कमी-अधिक जाडी तीत आधीच सिद्ध करून ठेवलेली असल्याने मजकूर जागेत बसविण्यासाठी त्याला पिळण्याऐवजी योग्य ती जाडी निवडता येते. अच्युत पालव यांच्यासारख्यांनी सुलेखनाची गोडी नव्या पिढीला लावली आहे. साधने आहेत, गुरू आहेत. उणीव आहे ती जवळचे पाहण्याच्या सवयीची.

म्हणून माझी पहिली दरखास्त कलाशाळांपाशी आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ साली सुरू झाला, म्हणजे या शिक्षणाला आपल्याकडे सुमारे नव्वद वर्षे झाली. आता तरी प्रत्येक उपयोजित कलाशाळेने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपल्या गावातील एक रस्ता नेमून द्यावा, त्या रस्त्यावरील प्रत्येक जुनी पाटी हाताने उतरवून घेण्यास सांगावे, आणि ती रंगविणारा पेंटर हयात असल्यास त्याला मानधन देऊन वर्गात शिकवावयास बोलवावे. या नकला आणि छायाचित्रे शाळेच्या दफ्तरात जपून ठेवाव्यात, कारण रस्तारुंदी आणि पुनर्विकास यांच्या रेट्यात या पाट्या झपाट्याने भंगारात जात आहेत. नगरपालिकांनी आपल्या स्वतःच्या फलकांपासून आरंभ करावा. उद्यानाच्या व रुग्णालयाच्या पाटीवरील मराठी शुद्ध आणि सुडौल असेल, तर दुकानदाराला नियम सांगण्याचा अधिकार त्यांना शोभेल.

आणि वाचकहो, आपल्यापैकी जे दुकान चालवितात, दवाखाना चालवितात, सोसायटीचे वा सार्वजनिक मंडळाचे चिटणीसपद सांभाळतात, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की पुढील फलक करावयास द्याल तेव्हा नावाच्या मराठी अक्षरांचा नमुना छपाईपूर्वी स्वतः मागवून पाहा, ती दाबलेली अथवा ताणलेली दिसली तर परत पाठवा, आणि चांगली अक्षरे काढून देणाऱ्याला त्याचा मेहनताना घासाघीस न करता द्या.