हळदीतली ‘गोरी’

वडप्याला मुंबई-नाशिक महामार्ग सोडला की आधी गोदामं लागतात, मग गाव. लग्नसराईत इथल्या हळदीला डीजे दणाणतो आणि मांडवातली पोरं मोबाइलवर पाहिलेल्या आगरी-कोळी गाण्यांच्या स्टेप्स जशाच्या तशा नाचतात. या व्हिडिओंनी एक मोठं काम केलं. जी बोली एरवी विनोदापुरती वापरली जायची, ती नायकाच्या तोंडी आली. सावळा, रांगडा पोरगा हिरो झाला.

पण त्याची नायिका? ती बहुतेक वेळा ‘गोरी’च. दागिन्यांनी मढलेली, लाजणारी, स्वतःचं म्हणणं नसलेली. नायक गळ्यात जाड साखळी घालून गाडीच्या बॉनेटला टेकलेला. आगरी म्हणजे जमिनीचा पैसा, हा बाहेरच्यांनी मारलेला शिक्का आपणच गडद करतो.

हे दुखणं एकट्या आगरी गाण्यांचं नाही. २०२० साली ‘खाली पीली’ या हिंदी चित्रपटाच्या गाण्यात गोऱ्या मुलीपुढे थेट कृष्णवर्णीय गायिका बियॉन्सेला लाजायला लावलं होतं. वर्णद्वेषाची टीका झाली, तेव्हा शब्द बदलले.

गंमत म्हणजे, आगरी लग्नाचे विधी परंपरेने धवलारीण करते. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी ही बाई मांडवातली पुरोहितच. उन्हातान्हात राबलेली, बहुधा सावळीच. गाणं तिचं, अधिकारही तिचा. आगरी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या तरुण मित्रांनो, पुढच्या हळदीत कॅमेरा जरा तिच्याकडे वळवा.