खिशातली पाणसळ

फोन आडवा केला की फोटोही आडवा होतो. पण हे त्याला कळतं कसं? फंडा साधा आहे. आत केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं सिलिकॉनचं इवलंसं वजन असतं. फोन हलला, कलला की ते सरकतं आणि किती सरकलं ते मोजलं जातं. हा ॲक्सेलरोमीटर. २००७च्या पहिल्या आयफोनमध्ये तो होताच. २०१०च्या आयफोन ४मध्ये गिरकी मोजणारा जायरोस्कोपही आला. फोन स्थिर असतानाही त्या वजनाला पृथ्वीची ओढ जाणवते, म्हणून ‘खाली’ कुठे ते त्याला कायम ठाऊक. म्हणजे चक्क गवंड्याची पाणसळ आपल्या खिशात! आणि आपण ती वापरतो कशाला, तर पावलं मोजायला. (ते दहा हजारांचं टार्गेटही १९६५मध्ये जपानात विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या यंत्राच्या नावातून आलंय. डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे.)

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायच्या. मधले दिवस आई आणि मी. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, बस्स. पण “झाला की सरळ!” “आई, अजून थोडा गं,” हा वाद रोजचा. शेवटी क्रेप बँडेजने फोन तिच्या नडगीवर बांधला आणि लेव्हलचं ॲप लावलं. पाय खाली सोडला की नडगी उभी, सरळ केला की आडवी. मी अंश वाचून दाखवायचे. “बासष्ट? थांब, अजून एकदा करते!” माझ्या दहा शाब्बासक्यांना जे जमलं नव्हतं, ते एका आकड्याने केलं.

तिसऱ्या दिवशी थेट नव्वद. सही! पण गुडघा तर वाकलेलाच. आईसाहेब मागे रेलून मांडीसकट पाय उचलत होत्या. फोन खोटं बोलत नव्हता, नडगी खरंच आडवी होती. गुडघ्याचा कोन मात्र मांडी आणि नडगी या दोघींमधला. एकीवर बांधलेल्या फोनला दुसरीची खबर कुठून असणार? फिजिओंच्या कोनमापकाला दोन पट्ट्या असतात त्या याचसाठी. मग मी एक हात तिच्या मांडीवर ठेवू लागले. आकडा घसरला, आई दोन तास रुसली, पण त्या दिवसापासून गुडघा खरा सरळ होऊ लागला.

जिममध्ये स्क्वॉट मोजणारं ॲप वापरत असाल, तर फोन कुठे बांधलाय ते आधी बघा. कमरेवरच्या फोनला तुमचे गुडघे आत वळताना दिसत नाहीत.

आई आता मस्त चालते. सध्या माझा फोन शेजारच्या काकूंच्या नडगीवर असतो आणि बॉसचे कॉल त्याच घेतात.