नोटिशीतला एक शब्द

मंडळी, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सध्या गच्चीवरच्या मोबाईल टॉवरवरून रण माजले आहे. शेजारच्या विंगमध्ये गेल्या वर्षी दोघींना कर्करोग झाला. त्यामुळे टॉवर काढा म्हणणाऱ्यांच्या आवाजात खरी भीती आहे आणि तिची थट्टा मी करणार नाही. पण सभेच्या नोटिशीत "टॉवरचा किरणोत्सर्ग" असे छापले आहे, ते मला मान्य नाही. जन्मभर मराठी शिकवल्यावर एवढे बोलायचा अधिकार नक्कीच आहे.

किरणोत्सर्ग होतो युरेनियमसारख्या पदार्थाच्या अणुकेंद्रातून. टॉवरमधून निघतात त्या रेडिओलहरी. त्यांना प्रारण म्हणा, नाहीतर साधे तरंग म्हणा. इंग्रजीतले 'रेडिएशन' दोन्हीकडे चालते आणि आपल्या वर्तमानपत्रांनी तो घोळ जसाच्या तसा मराठीत आणला.

पट्टा एकच, फरक लांबीचा. मालाडच्या केंद्रावरून आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागायची. तिची एक लहर सुमारे ५३८ मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या दोन लोकल एकापुढे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढी! एफएमची ३ मीटर. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झची ३३ सेंटिमीटर, आपल्या फूटपट्टीहून जरा मोठी. मग मायक्रोवेव्हची १२ सेंटिमीटर, पुढे टीव्हीच्या रिमोटचे अवरक्त किरण, मग डोळ्यांना दिसणारा उजेड, त्यापुढे अतिनील, क्ष आणि गॅमा. लांबी घटते तशी प्रकाशाच्या एकेका कणाची ताकद वाढते, आणि पेशीतल्या रेणूंचे बंध तोडण्याइतकी ती अतिनीलच्या आसपास होते. रेडिओलहरींच्या कणात तेवढा जोर नाही. त्या फार झाल्या तर ऊब देतात. भर दुपारी छत्रीशिवाय भाजीला जाणाऱ्या आमच्या काकू टॉवरला मात्र घाबरतात. (काकू हा ब्लॉग वाचतात. रागावू नका हं!)

दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातले. पण त्यामागे मुख्यतः कानाला लावलेल्या फोनचे अभ्यास होते. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० च्या पट्ट्यात ती झाली चौरस मीटरला ०.४५ वॅट. दुपारचे कडक ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात जाते.

आणि टॉवर दूर गेला की काय होते? लांबच्या माणसाला हाक मारताना आपण ओरडतो, तसा हातातला फोन जोर वाढवतो. तो तर कानाशीच असतो.

टॉवर ठेवा म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. त्यांना फक्त भाडे दिसते. मोजणीचा कागद मागितला की सगळे गप्प. दूरसंचार खात्याने २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचे संकेतस्थळ काढून शुल्क भरून मोजणी मागण्याची सोय केली. (पाहा, सरकारलासुद्धा तरंग हाच शब्द सुचला!) येत्या सभेत मी तोच ठराव मांडणार आहे: आधी मोजणी, मग मतदान. आणि पहिली मोजणी त्या दोघींच्या घरात.

नोटिशीतला शब्द बदलावा असेही लेखी कळवले आहे. सेक्रेटरींचे उत्तर अजून आलेले नाही.